भाताचे पोचे

शहाणपण अंगाशी येतं ते असं. गप्प बसले असते तर कुणी फाशी दिली नसती मला.

मी कळव्याची शेवंती. लग्नाला सहा वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती. ठाण्याला गुप्ते डॉक्टरांनी प्रयोगाला पांढरे उंदीर पाळलेले, त्यांचे पिंजरे धुवायला मी रोज होडीनं खाडी ओलांडून जायची. इकडे सासूनं माझ्या नवऱ्यासाठी, धाकूसाठी, दुसरी पोरगी बघून ठेवलेली. मी पाया पडले तेव्हा म्हणाली, "डॉक्टरला विचार, तुझ्यात खोट आहे का. नाही म्हणाला तर सवत आणत नाही."

विचारलं. डॉक्टर भला माणूस. "जिवंत बाईच्या पोटातलं मला दिसत नाही गं," म्हणाले, "पण हे बघ." नुकतीच उंदराची एक मादी चिरलेली होती. तिच्या बीजाच्या गाठीचा पातळ काप काचेवर ठेवून त्यांनी मला भिंगाच्या नळीला डोळा लावायला लावला.

आत बारीक फुगे, एकेका फुग्यात एकेक बीज. चार-दोन टपोरी. बाकीची सुकलेली, भोवतालचा भुगा झालेला.

"ही बीजं का मेली?"

"ठाऊक नाही. सगळ्याच माद्यांत मरतात. हिला तीनदा पिल्लं झाली होती, तरी बघ." अशा मेलेल्या बीजांना त्यांना मराठीत नाव सापडेना.

"आम्ही पोचे म्हणतो," मी म्हटलं. "भात पाखडताना उडतात ते रिकामे दाणे."

डॉक्टर खूश झाले. वहीत सन १८९१ ची तारीख घालून त्यांनी 'पोचे' लिहिलं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. पोचे सगळ्यांत असतात, मग माझ्या एकटीची खोट कसली?

घरी सासू शेजारणींबरोबर भात पाखडत होती. "काय म्हणाला?"

"आत्या, मी डोळ्यांनी बघितलं. बाईच्या पोटात पोचे असतात."

तिचं सूप थांबलं. "ऐकलंत गं? स्वतःच्या तोंडानं बोलली."

"अहो, सगळ्यांत असतात, तुमच्यातही..."

"पाच पोरांच्या आईला पोचे म्हणते ही बया!"

झालं. मिठागराच्या चिखलात पाय उपसावा तेवढा रुततो, तशी मी समजावीन तेवढी रुतत गेले. धाकू ऐकत होता. मेला उठून ओसरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून माझं ठाण्याला जाणं बंद झालं, उंदरांनीच मला नासवली म्हणे.

माघात सवत आली, रतन, चौदा वर्षांची. तिचा राग करायचं मी ठरवलेलं, पण जमलं नाही. तीन वर्षं गेली, तिलाही दिवस राहिले नाहीत. परवा सासू तिसरी बघायला कल्याणला गेली. रतन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती.

"ताई, डॉक्टर बाप्यांना तपासत नाहीत का गं?"

धाकू ओसरीवर बसलेला. मी तिच्या तोंडावर हात दाबला.