चिंगीचं कॅरेट

मित्रांनो, मी एक जुनं कॅरेट आहे. पुस्तकात मला क्रेट म्हणत असतील, पण राहात्याच्या बाजारात तसं म्हणाल तर हमाल वळूनही बघणार नाही. सोन्याशी माझा काही संबंध नाही. माझा रंग पिवळा, अंग प्लास्टिकचं आणि एका बाजूची मूठ तुटलेली.

माझं खरं आयुष्य कोल्हारच्या श्रीमंत आबांच्या पेरूच्या बागेत सुरू झालं. त्यांनी लाल रंगाने माझ्या अंगावर 'श्रीमंत, कोल्हार' असं आपलं नाव-गाव लिहिलं. नावाला फार किंमत असते. बाजारात माल उतरला की रिकामी कॅरेटं ढिगात पडतात. हमाल एकेक उचलून मोठ्याने नाव पुकारतो आणि ज्याचं कॅरेट त्याच्या टेम्पोत चढतं. मी कितीदा तरी गेलो आणि आलो, हरवलो कधीच नाही.

पुढे आबा वारले, माझी मूठ तुटली आणि त्यांच्या मुलाने, ओमने, मला गोठ्यामागे भिरकावून दिलं.

तिथून मला उचललं ते ओमच्या बायकोने, संस्कृतीने. राहुरीच्या माहेराहून तिने चिंगी नावाची मांजर आणली होती. मांजरीसाठी दुकानातून काही आणायचं नाही, असं सासूने, म्हणजे छबूबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बिचारीने मग मिळेल तिथून गोळा केलं. चिंगीच्या घाणीसाठी लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. देवळाबाहेरच्या करवंट्या घासून पाण्याला ठेवल्या. खेळायला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा, नखं घासायला कांद्याची फाटकी गोणी आणि निजायला मी. दुसऱ्या फुटक्या कॅरेटचा तळ कापून तिने मला झाकणही केलं. खरं सांगतो, पेरूंनी मला कधी ऊब दिली नव्हती. चिंगी पाय पोटाशी घेऊन माझ्यात झोपायची, तेव्हा गोठ्यामागचे दिवस मी विसरून जायचो.

छबूबाई येता-जाता नावं ठेवायच्या. "लगीन हुऊन वरीस सरलं, घरात पाळना हालंना, आन मांजरीला गादी!" शेजारणी हसायच्या. संस्कृती खाली मान घालून भुसा चाळत राहायची.

मग संस्कृती भावाच्या लग्नाला राहुरीला गेली. ती रस्त्याला लागते न लागते तोच छबूबाईंनी चिंगीला माझ्यात कोंबलं आणि झाकणाची तार आवळली.

"राहात्याला माल चाललाय न्हवं? तिकडंच सोड ही ब्याद," त्या ओमला म्हणाल्या.

ओम घुटमळला. "आये, ती लई रडंल."

"रडू दे. रडून का हुईना, घराकडं ध्यान येईल."

वाटभर चिंगी माझ्या जाळीतून पंजे बाहेर काढत होती. बाजारात ओमने झाकण तोडलं आणि मला उपडं करून झटकलं, पेरूचा पाला झटकतात तसं. ती समोरच्या चिंचेखाली पळाली. मी ढिगात पडलो. बिभीषण नावाच्या हमालाने 'श्रीमंत, कोल्हार' अशी हाळी दिली आणि मला इमानाने टेम्पोत चढवलं.

संस्कृती परतली तेव्हा ओम म्हणाला, "जनावराच्या दवाखान्यात न्यायला निघाल्तो. वाटंत पळाली."

"कुठं पळाली?"

"आता कुठं ते काय सांगू? पर कॅरेट आलंय की माघारी." हे तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला.

तिने माझ्या तळाशी अडकलेले केस बोटांनी वेचले. "ह्याच्यावर नाव हुतं, म्हनून हे आलं," एवढंच म्हणाली.

पुढच्या बहाराला कॅरेटं कमी पडली, तेव्हा माझी मूठ तारेने बांधून मला पुन्हा कामाला लावलं. जुनी नावं उडाली होती. ती रंगवायचं काम संस्कृतीकडे आलं. बाकी सगळ्यांवर तिने ओमचं नाव लिहिलं. माझ्यावर लिहिलं, 'चिंगी, कोल्हार'. छबूबाईंना वाचता येत नव्हतं आणि ओमने वाचूनही ते तसंच राहू दिलं.

राहात्यात माल उतरला. बिभीषणने मला उचललं, नाव वाचून हसला आणि गंमत म्हणून जास्तच जोरात ओरडला, "चिंगीऽ! ए चिंगी, कोल्हार!"

चिंचेखालच्या कचऱ्यातून एक मांजर उठली. एक डोळा गेलेला, पाठीची हाडं वर आलेली. धावत आली, माझ्यात शिरली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. टेम्पोपाशी उभ्या असलेल्या ओमने तिला ओळखलं. मग त्याने मान फिरवली.

"काड रं ती घान," तो म्हणाला. बिभीषणने मानगूट धरून तिला बाहेर फेकलं.

मी घरी पोचलो. एरवी कॅरेटं धुवायला हात न लावणारा ओम त्या दिवशी पाइप घेऊन बसला आणि त्याने मला घासून धुतलं. एक केस ठेवला नाही. आपलं काम नवऱ्याने हलकं केलं, असं संस्कृतीला वाटलं. तिने त्याला आल्याचा चहा करून दिला.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. पण माझं काही मागणं नाही, मला तारेने बांधलं तरी चालतं. फक्त कुठल्या जिवाचं नाव ठेवणार असाल, तर आधी नीट विचार करा. नाव ठेवलेला जीव हाकेला येतो. प्रत्येक खेपेला बिभीषण ओरडतो आणि चिंगी अजून येते.