खमीर घातलेली कणीक

चिंचवडच्या हमरस्त्यावर गॅरेज चालवणारा हनीफ मिस्त्री भरवशाचा माणूस, पण महा हट्टी. इंजिनातली फट मोजायला लोक काय काय हत्यारं आणतात. हा बायकोची कणीक न्यायचा. व्हॉल्व्हवर कणकेची गोळी ठेवायची, वरून हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, आवळायचं, हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचं आणि हेड काढून चेपलेली कणीक किती जाड उरली ते पाहायचं. व्हॉल्व्ह आणि हेडमध्ये तेवढी जागा. नूरबीच्या कणकेने आजवर दगा दिला नव्हता, हे मात्र मान्य करायला हवं.

वीटभट्टीवाल्या अर्जुनरावांना रविवारी मित्रांशी पैज लावून खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढायचा होता. पिंपरीत कारखाने उभे राहायला लागल्यापासून त्यांच्या विटांना आणि हौसेला ऊत आला होता. जुन्या गाडीला त्यांनी कुठून तरी नवीन हेडं मिळवली आणि हनीफने त्यांचा तळ मशीनवर तासून घेतला. तळ तासला की वरची जागा आवळते, कॉम्प्रेशन वाढतं, पेट्रोलचा भडका जोरात होतो आणि गाडी पळते. फार तासलं तर मात्र उघडणारा व्हॉल्व्ह हेडवर आपटून तुटतो, इंजिन जागच्या जागी अडकतं. घाटाच्या वळणावर असं झालं तर आतल्या माणसांचं काय होईल ते सांगायला नको.

शनिवारी हनीफने कणीक चेपली, हेड काढलं आणि दुपारनंतरच्या असरच्या नमाजाला गेला. परत येऊन पाहिलं तर जागा भरपूर होती. "बिनधास्त दाबा," हेड पक्कं बसवून त्याने अर्जुनरावांना सांगितलं. त्यांच्या मदतीला नूरबीचा धाकटा भाऊ चांदभाई जाणार होता. तो रात्री बहिणीकडे जेवला आणि पहाटे गाडीत बसून गेलाही.

सकाळी हनीफ चहात कालची रोटी बुडवत होता. रोटी इतकी फुगीर कशी, त्याने सहज विचारलं. भाऊ जेवायला येणार म्हणून कणकेत खमीर घातलं होतं, नूरबी म्हणाली. गोळी दिली ती त्याच कणकेची का? त्याच. दुसरी कुठली असणार?

हनीफची रोटी चहातच राहिली. तो नमाजात असताना चेपलेली कणीक फुगली होती. जागा त्याने मोजली ती खमिराची. हाताने फिरवताना व्हॉल्व्ह लागला नसेल, पण तापून भरधाव फिरताना लागल्याशिवाय राहणार नव्हता.

नूरबीला काही न सांगता तो रस्त्यावर आला आणि मिळेल त्या ट्रकमध्ये चढला. ड्रायव्हर बरा होता, पण गाडी बैलगाडीसारखी. लोणावळ्यानंतर प्रत्येक वळणावर हनीफ वाकून दरीत पाहत होता. तिथे काही दिसलं नाही की क्षणभर जीव भांड्यात पडायचा, पुढचं वळण आलं की पुन्हा धडधड सुरू.

खोपोलीत गाड्या सुटायच्या तयारीत उभ्या होत्या. हनीफने धावत जाऊन सगळं सांगितलं. अर्जुनराव हसले.

"आरं, इथवर आली की मजेत. मन खातंय तुझं, दुसरं काय न्हाई."

येताना उतार होता, इंजिन भरधाव फिरलंच नव्हतं, पण ते ऐकायला तयार नव्हते. हनीफ दुसऱ्या बाजूला गेला आणि चांदभाईला उतर म्हणाला.

"मी उतरलो तर लोक काय समजतील, दुल्हेभाई?" चांदभाई हळू आवाजात म्हणाला. "घरच्याच माणसाचा भरवसा नाही म्हणतील. उद्या तुमच्याकडे गाडी कोण आणील?"

मेव्हण्याच्या या मायेनेच हनीफ हादरला. त्याने बॉनेट उचललं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतला रोटर उपटला आणि सगळ्यांदेखत खालच्या ओढ्यात भिरकावला. आता गाडी सुरूच होणार नव्हती.

"लोकांनी विचारलं तर सांगा," तो अर्जुनरावांना म्हणाला, "हनीफने हेड चुकीचं बसवलं."

अर्जुनराव भडकले. पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, म्हणाले. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत घाटाकडे गेल्या. चांदभाई खाली उतरला, दार धाडकन लावलं आणि हनीफकडे न बघता पुण्याच्या दिशेने चालू लागला. हनीफ त्याच्या मागून चालला होता. हाक मारायची त्याची हिंमत नव्हती. मेव्हणा रुसला होता, कदाचित वर्षभर बोलणार नव्हता. पण रुसायला तो जिवंत होता.