कोटिंगखालचं मीठ

उज्जैनजवळच्या भैरवगढच्या पुढच्या एका वस्तीवर अडलेल्या म्हशीला मोकळं करून ऋता परत निघाली. शेजारच्या सीटवर बाबा होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शरच्चंद्ररावांना घरात करमत नसे, म्हणून ते कधीमधी लेकीबरोबर फेरीवर येत. ऋता गुरांची डॉक्टर. काळ्या मातीच्या वाटांवर दुसरी कुठली गाडी टिकत नाही, म्हणून तिनं जीप घेतली होती.

एका खड्ड्यात जीप उसळली आणि काहीतरी कट्‌कन तुटलं. बाबांची सीट एका बाजूनं मागं कलंडली. त्यांनी दांडा धरला म्हणून वाचले.

"लागलं का बाबा?"

"नाही गं. पण खाली काय गेलं बघ."

तिनं मॅट उचलली. सीटचा बोल्ट जिथं आवळलेला असायचा तिथं पत्राच नव्हता. ओल्या, तपकिरी पापुद्र्यांचा लगदा होता आणि त्याच्या भोकातून खालचा रस्ता दिसत होता. कुजक्या गवताचा आणि शिळ्या रक्ताचा मिळून असावा तसा वास आला. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना ऋताला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तिनं नाकाला रुमाल लावला.

बाबांना मागं बसवून ती हळूहळू देवास गेटजवळच्या गॅरेजवर पोचली. जीप वर उचलली. खालून सगळीकडे गंज लागू नये म्हणून मारतात तसं काळंभोर, चकचकीत कोटिंग होतं, त्या भोकाखेरीज एक ओरखडा नाही. मेकॅनिकनं पेचकस टोचला तर तो पिकल्या पपईत जावा तसा आत गेला.

"मैडम, ये तो पूरी गल गई है," तो म्हणाला.

ऋतानं कोटिंगचं टोक धरून ओढलं. सापाच्या कातीसारखं ते लांबच लांब सुटून आलं. त्याच्या आतल्या बाजूला राखाडी चिखल चिकटलेला होता, अजून ओला. चिखलात पांढरे कण होते. तिनं एक कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकली. मीठ होतं.

उज्जैनच्या चिखलात मीठ कुठून येणार? जीप एकदाच कच्छच्या रणात गेली होती, आल्हादबरोबर. आल्हाद तिचा मावसभाऊ, माधव नगरात राहणारा. दोन हिवाळ्यांमागे त्याच्या दोस्तांच्या टोळीला गाड्या कमी पडल्या, तेव्हा त्यानं ती मागून नेली होती. परत आणली ती खालून कोटिंग करून. "ताई, तुला सरप्राइज," म्हणाला होता. ऋतानं ते कौतुकानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं.

तिनं फोन केला. तासाभरात आल्हाद आला, पांढरे शुभ्र बूट आणि अत्तराचा घमघमाट घेऊन.

"जीप खाऱ्या चिखलात फसली होती?"

"थोडी. एक रात्र राहिली तशीच. पण मग धुतली ना, ताई."

"खालून?"

तो हसला. "खालून कोण बघतं गं?"

ऋतानं तो काळा पापुद्रा त्याच्यासमोर धरला. "हे ओल्या चिखलावर मारलंस तू. मीठ आणि पाणी आत कोंडलंस. नुसती न धुता दिली असतीस तरी बरं होतं. मी धुतली असती."

"अरे यार, इतना क्या? पत्राच आहे ना, वेल्डिंग होऊन जाईल."

"त्या सीटवर मी बसलो होतो, आल्हाद," बाबा म्हणाले. आल्हाद वाकून बुटावरचा डाग पुसायला लागला.

मग ऋताला आठवलं. "तुझी स्वतःची गाडी पण होती ना तिथं?"

"ती तर विकली. नागद्याच्या एका मास्तरला."

"तसंच कोटिंग मारून?"

"सगळेच मारतात, ताई. तो तर खुश होता. म्हणाला, नीचे से एकदम नई है."

"फोन लाव त्याला."

"पागल झालीस का? गाडी माझ्या गळ्यात येईल!" मग ती हटेना म्हणून त्यानं मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. "तुलाच हौस आहे तर तूच बोल."

त्या मोबाइललाही हात लावावासा तिला वाटेना. तिनं नंबर बघून आपल्या फोनवरून लावला, आणि काय झालं ते हिंदीत सरळ सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"मैडम, पिछली सीट का बेल्ट परसों ही जड़ से उखड़ा है. हमने तो बच्ची को डाँट दिया कि तूने खींचा होगा."

ऋतानं फोन ठेवला आणि आल्हादला ते शब्द जसेच्या तसे ऐकवले. तो म्हणाला, "आईला सांगू नको हं." तेवढं बोलून निघून गेला.

पुढचे कितीतरी दिवस ऋता दवाखाना आटोपून गॅरेजवर जाई. सगळं कोटिंग खरवडलं. चेसिसच्या पोकळ्यांत पाण्याचा जोरदार मारा केला तेव्हा आतून खारट लगदा बदाबदा पडला, त्यात उंदराची मेलेली पिल्लंही होती. पाणी निथळायची भोकं कोटिंगनं बुजली होती, ती मोकळी केली. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. उरलेला गंज तारेच्या ब्रशनं घासून, गंज मारणारं औषध लावून, पूर्ण वाळवून मगच प्रायमर दिला. पोकळ्यांत मेण फवारलं. घरी आल्यावर ती दोनदा आंघोळ करी, तरी नखांतला तो वास जाईना.

मास्तरांनी गाडी आल्हादच्या दारात आणून उभी केली. बाबा मास्तरांच्या बाजूनं बोलायला गेले. शेवटी आल्हादला ती परत घ्यावी लागली.

त्यानंतर मावशीचा फोन आला. "एवढ्याशा गंजापायी भावाला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मावशी, मास्तरांच्या मुलीला विनाकारण बोलणी बसली, ते तुला कळलं का?"

"मुलीचं काय घेऊन बसलीस!"

आल्हाद हे कुठं शिकला, ते तिला कळलं होतं. तिनं फोन बंद केला आणि बाबांना हाक मारली. एका गावाहून गाय आजारी असल्याचा निरोप आला होता, आणि बाबा केव्हाचे बूट घालून बसले होते.