समोरच्या खुर्चीतली ताई

धाकटीच्या पित्ताशयातले खडे गोळ्यांनी विरघळले, तेव्हा नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. तिचा जीव मात्र टांगणीलाच राहिला. हृदय नाजूक म्हणून तिची पित्ताची पिशवी काढली नव्हती. खडे पुन्हा होऊ शकतात, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि ताई, तिची सख्खी मोठी बहीण, याच दुखण्यानं गेली होती.

मग ताई यायला लागली. भर दुपारी, लख्ख उजेडात, जेवणाच्या टेबलाशी समोरच्या खुर्चीत. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची, बोलायची काही नाही. धाकटीनं घास उचलला की ताईची नजर त्या घासामागे थेट तोंडापर्यंत जायची. धाकटीचा हात तिथंच थिजायचा. आधी तेल सुटलं, मग रात्रीचं जेवण, मग दुपारचंही.

"अगं, चिमणीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त खाते," नवरा म्हणायचा.

"खाल्लं की खडे होतात. ताईचं काय झालं ते पाहिलंत ना?"

"ताईंना जाऊन किती वर्षं झाली गं!"

धाकटी समोरच्या खुर्चीकडे बघायची नि ताट बाजूला सारायची.

कपडे अंगावर लोंबायला लागले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. एक दिवस फिरत्या चाकावर काच धरली असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. काच फुटली, तीही कोसळली. मालकानं नवऱ्याला बोलावलं आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी झाली. "पिशवीत गाळ साचलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवताय ना नीट?"

"जेवतच नाही. खडे नकोत म्हणून," धाकटी म्हणाली.

"अहो बाई, उलटंच केलंत! पोट रिकामं राहिलं की पित्त पिशवीतच पडून घट्ट होतं. वजन असं झपाट्यानं उतरलं तरी तेच. वेळेवर जेवा, थोडं तेलही हवं. रोज चाला. आणि गोळ्या मनानं बंद करू नका."

धाकटीला ताई आठवली. पहिल्या कळेनंतर ताईनंही जेवण सोडलं होतं. सगळ्यांनी तिच्या निग्रहाचं कौतुक केलं होतं.

घरी नवऱ्यानं ताट वाढलं. ताई आलीच. धाकटीनं घास उचलला. या वेळी तिनं नजर चुकवली नाही. ताईच्या डोळ्यांत मनाई नव्हतीच. भूक होती, नुसती भूक.

धाकटीनं डोळे मिटून घास गिळला. मग दुसरा.

पुढच्या तपासणीत पिशवी स्वच्छ निघाली. नवरा पेढे मिळाल्यासारखा खूश झाला. ताई अजूनही येते, प्रत्येक घासाकडे तशाच भुकेल्या डोळ्यांनी बघते. धाकटी वेळेवर जेवते, पोटभर जेवते. फक्त चव कसली ती तिला लागत नाही.