अर्धा कोयता

मंजू पार शिणून गेली होती. तांड्यावरून मानोरा, मानोऱ्याहून वाशीम, एसटीत उभं राहून राहून पायांचे खुंटे झालेले, आणि दवाखान्यात पुन्हा तेच: हनुवटी इथं टेका, समोर बघा, पापणी लववू नका. अहो, जित्तं माणूस आहे, भिंत थोडीच आहे!

पण चष्मा घालवून डोळ्यांचा निकाल लावायचाच होता. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो. नवरा वीरेंद्र ऊस तोडायचा, मंजू मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मंजूच्या चष्म्याचा नंबर भलताच मोठा. दोन्ही हात मोळीला, आणि घामानं चष्मा घसरला की तो वर सारायला तिसरा हात आणायचा कुठून? दोरीनं बांधून पाहिला, तर काचाच घामानं भरल्या. गेल्या हंगामात ती फळीवरून मोळीसकट खाली आली. हाड वाचलं, पण भीती आत बसली ती बसलीच.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"घरकाम," मंजू म्हणाली.

शहरात असंच सांगायचं, ही तांड्याची जुनी सवय. ऊसतोड म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, मग लेकरांच्या शाळेवरून उपदेश सुरू. कोणी ऐकून घ्यावा तो?

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेझर मारायचं आणि पापुद्रा परत बसवायचा. चार-आठ दिवसांत कामाला लागाल."

मंजूला हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी पुन्हा यंत्राला डोळा लावला. "हे जुने ओरखडे कशाचे?"

बाजूला उभा असलेला वीरेंद्र खाली पाहत म्हणाला, "उसाचं पान लागते, मॅडम. आमी तोडीले जातो."

बाईंनी हातातला पेन ठेवला. "अहो, हे आधी सांगायचं ना! डोळ्यावर पान सपकन बसलं तर तो पापुद्रा सरकू शकतो. तुम्हाला हे नको. दुसरं आहे, पापुद्रा न करता वरूनच लेझर. ते मार सोसतं. पण आधी काही दिवस डोळ्यांची आग होते, आणि पुढे काही महिने ऊन, धूळ, धूर वर्ज्य."

"आन् तिसरं काही?" मंजूनं विचारलं.

"डोळ्यात भिंग बसवायचं. खर्च फार, आणि वरचेवर तपासणीला यावं लागतं. उसाच्या फडातून कशा याल?"

घ्या! लवकर कामावर सोडणारा इलाज कामात टिकत नव्हता, आणि टिकणारा इलाज कामच सोडायला सांगत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरी सासू रुखमाबाई चुलीपाशी चहा करत होती. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. "आली वो माही चष्मेवाली!" तिनं नेहमीसारखं डिवचलं. मग तिन्ही इलाज तिनं नीट ऐकून घेतले आणि झटक्यात म्हणाली, "ते दुसरंच कर. औंदा वीरेंद्रसंग मी जातो. तुह्या आंधी मीच वाह्यल्या ना मोळ्या!"

मंजूला इतकं सुटल्यासारखं वाटलं की रडूच फुटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली.

"रडून कायले राह्यली? घे, चहा घे." रुखमाबाईनं पातेलं वाकवलं. चहा कपाच्या बाजूला पडला. ओट्यावरून ओघळ निघाला, तरी ती ओततच होती.

मंजूनं पातेलं धरलं. मोबाइलचा उजेड सासूच्या तोंडावर पाडला. दोन्ही बाहुल्यांत पांढुरकं साचलं होतं.

"याडी, कवापासून?"

"झाले असन दोन-तीन साल. फळीवर डोये कायले लागते? पायाले दिसते."

मंजूत भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "उद्या तुमी माह्यासंग वाशीमले चाला. आंधी तुमचा मोतीबिंदू, मंग माहे डोये. औंदा आपून दोघीबी नाई जात."

"आन् ऊस?" वीरेंद्रनं विचारलं.

"तुमी अर्धा कोयता म्हनून जा."

"अर्ध्या कोयत्याले कोन पुसते, मंजू?"

"नाई पुसलं त घरी बसा. ऊस तोडला त बुडातून खोडवा फुटते. डोयाले खोडवा नाई फुटत."

रुखमाबाई फडकं घेऊन सांडलेला चहा पुसू लागली. पुसत होती ती कोरडी जागा.