अकरा जबडे आणि एक बादली

मी मामाच्या लॅबमध्ये कामाला लागले त्या दिवशी टेबलावर अकरा जबडे होते. सात वरचे, चार खालचे. चारांपैकी एकाची समोरची कड तुटलेली. शेजारच्या खणात दातांचे एकोणीस सेट, मेणाच्या पट्टीवर चिकटवलेले, एका पट्टीवर सहा. त्यातल्या दोन पट्ट्यांवर पाचच दात होते, म्हणजे एकूण एकशे बारा. दोन रबरी वाट्या, तीन पाती, प्लास्टरचं एक पोतं आणि घासायच्या चाकाखाली एक निळी बादली. बादलीत पांढरट, दुधाळ पाणी होतं, त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा. मी वहीत शेवटी लिहिलं: बादली, घाण.

मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप रबरासारख्या मऊ लगद्यात घेतात, ते माप आमच्याकडे येतं, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्या जबड्यावर कवळी बसवायची. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि आठ महिने घरी बसले होते. आईने तिच्या दादाला, म्हणजे मामाला, सांगितलं की महिनाभर ठेवून बघ. मामाने सांगितलं, पाठव. माझं मत कोणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मामा म्हणाला, "तो सेट घे, खालचा सेट झालाय का बघ, झाला असला तर दात सेट कर, आणि मग बाकीचं सगळं सेट करून ठेव."

मी तिथेच उभी राहिले. चार वेळा एकच शब्द, आणि चारही वेळा त्याला काहीतरी वेगळं म्हणायचं होतं, एवढं मला कळलं. काय, ते कळलं नाही.

"शास्त्रज्ञबाई हँग झाल्या," घासूताई म्हणाली. ती कवळ्यांना चकाकी आणायचं काम करते, म्हणून घासूताई. तिचं खरं नाव मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, तोवर उपयोग राहिला नव्हता.

त्या संध्याकाळी मी वहीत एक पान आखलं. सेट, एक: दातांचा संच. सेट, दोन: प्लास्टर घट्ट होणं. सेट, तीन: दात मेणात ओळीने बसवणं. सेट, चार: वस्तू जागच्या जागी ठेवणं. दुसऱ्या दिवशी घासूताईने तिच्या यंत्राचा वेग सेट केला आणि दुपारी केस सेट करून आली, तिच्या भावाची तिकडे दुकानावर सगळी सेटिंग होती, आणि डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट फोनवर म्हणाली की शनिवारची वेळ सेट आहे. सेटिंग हा वेगळा शब्द धरायचा की त्याच झाडाची फांदी, हे ठरेना म्हणून मी त्याला समासात टाकलं. आठवड्याअखेर यादी चौदावर गेली. घरी बाबांची जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. त्यात या तीन अक्षरी शब्दाने तीन पानं खाल्ली होती. ती वाचून मला माझ्या चौदा अर्थांचीही खात्री वाटेनाशी झाली.

मामाला मी ते पान दाखवलं. तो चष्मा कपाळावर चढवून वाचू लागला आणि बाराव्या ओळीशी थांबला.

"सूर्य मावळणं? हेसुद्धा सेटच?"

"हो. तो सेट होतो म्हणतात."

"म्हणजे एखाद्याचं बस्तान बसलं तरी सेट आणि मावळला तरी सेट." त्याने वही परत दिली. "सोयीचं आहे."

आईचा रोज सकाळी अकराला मामाला फोन येतो. हे बावीस वर्षं चालू आहे. सकाळची मापं साडेदहाला येतात, मामा अकराला प्लास्टर घोटून मापात ओततो, तेवढ्यात फोन वाजतो. आई कालचं सगळं सांगते: कोणाचं ठरलं, कोणाचं मोडलं, आत्याचा मुलगा तिकडे कसा सेट झाला. शेवटी विचारते, "आणि आमची? झाली का सेट?" मामा म्हणतो, "होतेय." फोन ठेवतो, हात पुसतो आणि मापातून जबडा ओढून काढतो. लॅबमध्ये घड्याळ नव्हतं. मला आधी वाटलं बिघडलं म्हणून काढून ठेवलं असेल. नव्हतंच.

तीन अर्थांचा गोंधळ मात्र प्लास्टरचाच होता. प्लास्टर ओतल्यावर आधी त्याची चकाकी जाते, तेव्हा घासूताई म्हणते सेट झालं. मग ते गरम होतं, तेव्हा माप आणणारा डॉक्टरांचा माणूस म्हणतो सेट झालं. मग गार होतं. मी मामाला विचारलं की यातलं खरं कोणतं. त्याने बोटांची मागची बाजू प्लास्टरला लावली, मग स्वतःच्या गालाला. "गरम होऊन उतरलं, की सेट. तोवर ते विचार करत असतं." मी वहीत दोन नंबरपुढे अ, ब, क केलं आणि ‘क’पुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी पहिला जबडा मोडला.

माप एका शाळेतल्या बाईंचं होतं. दुसरीला शिकवायच्या. खालचे सगळे दात काढले होते आणि पंधरा दिवसांनी शाळा उघडायची होती. डॉक्टर म्हणाले होते की माप घेताना बाईंना उमासे येतात, त्यामुळे एक माप म्हणजे एक लढाई. मामाने नेहमीसारखं ओतलं, फोन घेतला, फोन ठेवला, ओढलं. जबड्याचं मागचं टोक मापातच राहिलं. मापही फाटलं.

मामाने तो तुकडा हातात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला की नवं उघडलेलं पोतं ओलं असणार. पोतं विकणाऱ्याने येऊन हात घालून पाहिलं आणि सांगितलं की याच गाडीतली चाळीस पोती गेली, कोणाची तक्रार नाही. गुरुवारी बाईंचं दुसरं माप आलं. मामाने प्लास्टर दुप्पट जपून घोटलं. ओढताना जबडा मधोमध दुभंगला.

डॉक्टर स्वतः आले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, शनिवारी त्या बाई माप द्यायला शेवटचं येणार आहेत. तोही मोडला तर मला दुसरी लॅब बघावी लागेल, तुमचं वय झालंय, मी समजू शकतो. आमच्या दहापैकी आठ कामं याच डॉक्टरांची.

ते गेल्यावर मामा स्टुलावर बसला आणि उजवा हात उलटा करून गालाला लावला. मग डावा.

"मला कळेनासं झालंय," तो म्हणाला. "दोन्ही वेळा हाताला गारच लागत होतं. गरम झालंच नाही असं वाटलं. पण वेळ तर झाली होती. म्हणजे हातच मेला." थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "बारावा होता ना तो? मावळायचा?"

मी मान हलवली आणि टेबलावरचे तुकडे गोळा केले.

त्या दुपारी मी वही काढून सगळे अर्थ पहिल्यापासून वाचले. माझी खात्री होती की चूक माझ्या पानावर आहे. मामा एक म्हणाला असेल, मी दुसरं केलं असेल. सेट, चार: मी काय काय जागच्या जागी ठेवलं होतं? पाती, वाट्या, मेण. त्याने प्लास्टर का मोडेल? मी घासूताईला माझ्यासमोर पुन्हा सगळे सेट म्हणायला लावले. ती म्हणाली, "तू थोडं झोपत जा." अर्थ बरोबर होते. चौदाच्या चौदा. त्यामुळे मी आणखीच गोंधळले.

शुक्रवारी मी घरचं भिंतीवरचं घड्याळ उचलून आणलं आणि मामाची परवानगी घेतली. त्याने खांदे उडवले. जुन्या पोत्यातलं थोडं प्लास्टर डब्यात उरलं होतं. जुनं आणि नवं सारखं घोटलं, दोन वाट्यांत. एका दाभणावर वजन बांधलं आणि दर मिनिटाला टोचत राहिले. दाभण रुतायचं थांबलं तेव्हा जुन्याला चौतीस मिनिटं झाली होती. नव्यालाही चौतीस. मग मामाला घोटायला लावलं. चौतीस. हात वेगळे, पोती वेगळी, आकडा तोच. म्हणजे हात नाही आणि पोतंही नाही. मग उरलं काय, हे मला दिसेना. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

तेवढ्यात घासूताई तिच्या कोपऱ्यातून कुरकुरली. तिला आरसा टांगायला भिंतीत खिळा बसवायचा होता, त्यासाठी ती भोकात प्लास्टर भरत होती. "मेलं हाताला उसंत देत नाही. कालवते ना कालवते तोच दगड. तुमचं दोन दिवस सेट होत नाही आणि माझं बघा."

"कोणत्या पोत्यातलं घेतलंस?" मी विचारलं.

"तुझ्याच. मी काय घरून आणते?"

"आणि पाणी?"

तिने पायाने तिच्या यंत्राखालची बादली पुढे सरकवली. निळी. मीच पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती चाकाखालून काढून तिच्या कोपऱ्यात सरकवली होती, चाकाखाली नवी स्वच्छ ठेवली होती, आणि टेबलावर मामासाठी तोटीचा डबा, गाळलेलं पाणी भरून. डब्यावर चिठ्ठीसुद्धा लावली होती. दुसरा आठवडा सगळा मेणकामात आणि कवळ्या बसवण्यात गेला, मापं आलीच नव्हती, आणि तिसऱ्यात आली ती बाईंचीच.

मला पुढचं कळायला साधारण चार सेकंद लागली आणि पटायला बराच वेळ. त्या पाण्यात घासलेल्या जबड्यांची भुकटी होती. आधीच घट्ट झालेल्या प्लास्टरचे बारीक कण. साखरेच्या पाकात एक दाणा टाकला की त्याच्याभोवती खडे धरतात, तसं नवं प्लास्टर त्या कणांभोवती धरतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. सहा मार्कांना.

मी मामाला विचारलं की तो प्लास्टरला बादलीतलंच पाणी का घ्यायचा. त्याने सांगितलं की त्याच्या उस्तादांनी तसं शिकवलं होतं, आणि त्याला आजवर वाटत आलं की नळ लांब होता म्हणून. तू डबा आणलास तेव्हा बरं वाटलं, म्हणाला, कोणीतरी माझ्यासाठी गाळून पाणी ठेवतंय.

मग मी सांगितलं. सरळ, न थांबता, घड्याळाकडे बघत. आईचा फोन बावीस-तेवीस मिनिटं चालतो. बादलीच्या पाण्याने तेवढ्यात प्लास्टर गरम होऊन उतरायचं. माझ्या पाण्याने चौतीस लागतात. तो ओढत होता तेव्हा ते कच्चं होतं. मोडलं ते माझ्यामुळे, दोन्ही वेळा.

घासूताई खिळा हातात धरून उभी होती. मामाने हात उलटा करून समोर धरला.

"म्हणजे गार लागलं ते गारच होतं?"

"हो."

"हाताने बरोबर सांगितलं?"

"हो. तू फोनचं ऐकलंस."

"तुझ्या आईचं," तो म्हणाला. "लहानपणापासून तेच करतोय." आणि हात खिशात घातला. थोड्या वेळाने बाहेर काढून पुन्हा पाहिला.

शनिवारी साडेदहाला बाईंचं माप आलं, ओल्या कापडात गुंडाळून. डॉक्टरांचा माणूस दारातच थांबला, त्याला थांबायला सांगितलं होतं. मामाने निळी बादली स्वतः उचलून टेबलाशी आणली, पाणी हलवून घेतलं, घोटलं, ओतलं. वाटीत उरलेलं मी बाजूला ठेवलं आणि दाभण घेऊन बसले. फोन वाजला.

आईने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मामा मधूनमधून हं म्हणत होता आणि बोटांची मागची बाजू प्लास्टरवर होती. एकदा त्याने हात झटकन उचलला आणि फुंकर मारली. शेवटी आईने नेहमीचं विचारलं असावं, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणता नंबर विचारतेस? तिच्याकडे चौदा आहेत."

त्याने फोन ठेवला, प्लास्टरला हात लावला, गालाला लावला, आणि ओढलं.

मी वहीत लिहिलं. खालचा जबडा, एक, अखंड. दाभणाची खूण: शून्य मिलिमीटर. फोन: बावीस मिनिटं चाळीस सेकंद.