कठड्याचा दगड

सकाळी पावणेआठ वाजता भोरहून महाडला निघालेली एसटी वरंध घाटात रस्ता सोडून गेली आणि थांबली. दरीच्या बाजूचं पुढचं चाक अधांतरी होतं. कुणी दगावलं नाही. एका म्हातारीच्या कपाळाला टेंगूळ आलं, कोंबड्यांची एक पाटी उलटली. १९७३ सालचा श्रावण होता, आणि धुकं एवढं दाट की मागच्या बाकावरच्यांना खाली उतरेपर्यंत दरी दिसलीच नाही.

दिसली तेव्हा त्यांनी ड्रायव्हर कुंडलिक रणपिसेला उचलून घेतलं. "ह्याच्या पायाची पुण्याई, म्हणून वाचलो," कंडक्टर आनंदराव सगळ्यांना सांगत होता.

कुंडलिकला एवढंच ठाऊक होतं की, धुक्यातून म्हशी पुढं आल्या, त्यानं चाक वळवलं, आणि ब्रेकवरचा उजवा पाय दाबायला गेला तर तो दबलाच नाही. पाय जागेवर होता, पण दुसऱ्या कुणाचा असावा तसा. गाडी थांबली ती कठड्याच्या चुना लावलेल्या दगडावर पोट अडकलं म्हणून. नंतर ब्रेक तपासले, ते चोख निघाले.

पाऊस लागल्यापासून त्याची झोप उडाली होती. लागलीच तर झोपेत पाय झाडायचा. "रातीबी गाडी हाकताय," बायको रतन म्हणाली होती, "खाट मोडंल, मग जमिनीवर हाका." ती हसली होती. आता हसत नव्हती. तिनंच त्याला विहारात धाडलं. डेपोतून रजा मागितल्याबरोबर मिळाली.

उत्रोलीच्या वस्तीतलं विहार म्हणजे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. आत बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. त्या साली पावसाळ्यातल्या वर्षावासाला वऱ्हाडातले एक भंते तिथं मुक्कामाला होते. कुंडलिकनं वंदन केलं आणि झोप येत नाही, एवढंच सांगितलं.

"श्वास आत येतो, बाहेर जातो. तेवढंच बघायचं," भंते म्हणाले. "हाकायचा नाही. नुसता बघायचा."

पहिल्या दिवशी बरं वाटलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याला बसल्या जागी डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले तर आत धुकंच होतं. धुक्यातून शिंगं पुढं आली. त्याचा उजवा पाय मांडीतून सुटून ताठ झाला आणि समोरची पणती लवंडली.

भंतेंनी पणती सरळ केली, सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं. "घाट का?"

"व्हय." मग त्यानं सगळं सांगितलं. रतनलाही सांगितलं नव्हतं ते.

भंतेंनी फडक्याची घडी घातली. "मला श्वासाचं थोडं कळतं, कुंडलिकराव. पायाचं नाही कळत. डॉक्टरला दाखवलंत?"

"पाय चांगलाय. मोटारीबाहेर असलो की पळतो सुदीक."

"मग डेपोत खरं सांगा. दुसरी गाडी मागा."

"महाडची गाडी हाय, भंते."

कुंडलिकचे वडील, सोनबा, तरुणपणी महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला याच घाटातून पायी गेले होते. भाकरी फडक्यात बांधून नेली, आणि परत आले तेव्हा उजवा कान फाटलेला होता. तो कान अजून तसाच होता. मुलाला महाडची ड्युटी लागली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वस्तीला गूळ वाटला होता.

"आबांना तरी सांगा," भंते म्हणाले.

पौर्णिमेला विहार भरलं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खिरीचं पातेलं. सगळे एका सुरात पंचशील म्हणत होते. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं चौथं शील आलं तेव्हा कुंडलिकचा आवाज उतरला. शेजारी बसलेल्या सोनबांनी कोपरानं ढोसलं. "म्हण की. घसा बसला व्हय?"

वंदना संपल्यावर महिला मंडळाच्या फुलाबाई हार घेऊन उठल्या. कुंडलिकला याची कल्पना नव्हती. "आपल्या कुंडलिकनं गाडीभर माणसं वाचवली," त्या म्हणाल्या. "गाडीत समद्या आळीची माणसं हुती. दरीत जाताना कुणी इचारलं न्हाई, डायवर कुठल्या आळीचा ते." लोक हसले. "आता बोल बाबा दोन शब्द."

तो उठला. हाराची दोरी मानेला टोचत होती.

"म्या न्हाई थांबवली गाडी," तो म्हणाला. "दगडानं थांबवली. ऐन टायमाला माजा पाय दबलाच न्हाई."

फुलाबाई लोकांकडं वळून म्हणाल्या, "बघा. चार रोज भंतेंजवळ बसला, तर केवढा नम्र झाला." आणि टाळ्या पडल्या.

"ते सांगतात ते ऐकून घ्या," भंते म्हणाले. लोकांनी तेही प्रवचनातलंच धरलं आणि माना डोलावल्या. टाळ्या ओसरल्यावर सोनबा उभे राहिले. सोमवारी कुंडलिक कामावर जाणार, आणि वस्तीतली म्हातारी माणसं त्याच्याच गाडीतून तळ्यावर जाणार, असं त्यांनी जाहीर केलं.

संध्याकाळी ओसरीत कुंडलिकनं विषय काढला. "आबा, मला घाटाचं भ्या वाटतंय."

"मग? मला न्हाई वाटलं?" सोनबा तंबाखू मळत होते. "म्हनून काय माघारी फिरलो?"

"तुमच्या मागं कोन बसलं नव्हतं, आबा. तुमी तुमच्या पायानं गेलाता."

"आन् तू चाकावर जातूस. सुख हाय की." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि बोलणं संपलं.

सोमवारी तो मुद्दाम लवकर निघाला. डेपोत जाऊन जवळपासची गाडी मागायची, हे रात्रीच ठरवलं होतं. पण स्टँडवर महाडची गाडी आधीच भरली होती. फुलाबाई खिडकीशी होत्या. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर सोनबा बसले होते, मांडीवर रिकामा पितळी तांब्या धरून.

"आज समदं घरचंच वऱ्हाड," आनंदराव म्हणाला. "तिकिटं फाडायला बी लाज वाटती."

कुंडलिकनं ऑफिसच्या दाराकडं पाहिलं. ते उघडं होतं. मग वडिलांकडं पाहिलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तांब्या पुसायला घेतला होता. कुंडलिक ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून गाडीत चढला.

हिरडोशीला गाडी थांबली. इथून पुढं घाट. कुंडलिक खाली उतरला, बोनेटला टेकून उजवी मांडी दाबत उभा राहिला. पाय त्याचाच वाटत होता, पण त्या दिवशीही म्हशी येईपर्यंत तो त्याचाच होता. श्वास आत आला, बाहेर गेला. आनंदराव जवळ आला आणि प्रथमच त्याच्या तोंडाकडं नीट बघून म्हणाला, "त्या दिवशी पौर्णिमेला तू दगडाचं बोललास म्हनं. ते खरं का काय?"

"खरं."

आनंदरावनं तिकिटांची पेटी खांद्यावरून मागं सारली. गाडीतून सोनबांची हाक आली, "चला की रं, ऊन न्हाई तर काय, दीस तर चढतोय."

हिरडोशीच्या हॉटेलवाल्यानं पाहिलं ते असं: कंडक्टर ड्रायव्हरशेजारच्या दारात उभा राहिला, घंटी दोनदा वाजली आणि गाडी धुक्यात शिरली. त्या दिवशी पावसानं घाटातल्या टेलिफोनच्या तारा पडल्या होत्या. दुपारी रतन डेपोत चौकशीला गेली, तोपर्यंत महाडहून फोन आला नव्हता.